रुपरावांच्या तंदुरुस्तीचं रहस्य

रुपराव गावंड्यांची पँट शिंप्याने तिसऱ्यांदा आत घेतली तेव्हा मागचे दोन्ही खिसे एकमेकांना येऊन भिडले. "याच्या पुढं नाही जमत बाई," शिंपी कौसल्याबाईंना म्हणाला, "आता नवीन शिवा, नाही तं साहेबाले पोटभर जेवू घाला."

ते शेवटचं कौसल्याबाईंच्या फार जिव्हारी लागलं. जेवू घाला म्हणे! सकाळी न्याहारीला सहा पोळ्या, डब्यात आठ, कारखान्यातून आल्यावर वाडगाभर चिवडा आणि रात्री पुन्हा भाकरी, पिठलं, भात. महिन्याचं पीठ वीस दिवसांत उडत होतं. आणि एवढं रिचवून हा माणूस वर्षात तेरा किलोंनी उतरला होता. खाल्लेलं जातं कुठे, हेच त्या माउलीला कळत नव्हतं.

रुपरावांना मात्र सगळं कळलं होतं. ते नागपूरजवळ हिंगण्याच्या एका पंपाच्या कारखान्यात टाइमकीपर होते, वय सत्तेचाळीस, आणि १९८१ सालच्या त्या उन्हाळ्यात आपल्याइतका तंदुरुस्त माणूस अख्ख्या औद्योगिक वसाहतीत नाही, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. पहाटे साडेतीनलाच जाग येते? ब्राह्ममुहूर्त! घामाच्या धारा लागतात? शरीरातला मळ बाहेर पडतो आहे. छातीत धडधडतं? रक्त खेळतं आहे. डोळे मोठे आणि चकचकीत दिसू लागले तेव्हा ते आरशासमोर उभे राहून म्हणाले, "तेज आलं चेहऱ्यावर, तेज!" दिवसातून तीनदा परसाकडे पळावं लागे, त्याचंही ते चारचौघांत कौतुक सांगत. या सगळ्याचं श्रेय त्यांनी पहाटे अंबाझरी तलावापर्यंत तरातरा चालण्याला आणि कपभर कारल्याच्या रसाला देऊन टाकलं होतं.

कारखान्यात त्यांचे शिष्यही तयार झाले. सगळ्यांत निष्ठावान म्हणजे स्टोअरमधला देवराव, वजन पंचाण्णव किलो. वर्षभर तो गुरूच्या मागे धापा टाकत अंबाझरी गाठत होता, तोंड वाकडं करून कारलं पीत होता, आणि वर्षाअखेर त्याचं वजन घटलं ते दीड किलो.

"रुपरावजी, माझ्यातच काही खोट हाये," तो म्हणायचा.

"मनाचा निग्रह कमी पडून राहिला गा तुझा," रुपराव न चुकता सांगायचे.

शेवटी मॅनेजरसाहेबांनीही त्यांची दखल घेतली. जून महिन्यात कारखान्याचा वर्धापनदिन असे, बायकामुलांसकट सगळ्यांना बोलावणं असे. त्या दिवशी रुपरावांचं भाषण ठेवलं गेलं. विषय, 'माझ्या तंदुरुस्तीचे रहस्य'.

घरात मात्र या तंदुरुस्तीने वात आणला होता. रविवारी सकाळी नऊपासून कूलर धडाडायला लागायचा. वाळ्याच्या ताट्यांवर रुपराव दर तासाला स्वतः बादली ओतायचे आणि बनियन काढून कूलरच्या तोंडाशी बसायचे. मागे पलंगावर कौसल्याबाई शाल लपेटून डाळ निवडत बसायच्या. माणूस कितीही नागपूरचा असला तरी दिवसभर असल्या ओल्या वाऱ्यात बसवला तर कुडकुडणारच.

अशाच एका रविवारी दुपारी देवराव आला आणि दारातच थबकला.

"वहिनी, मे महिन्यात शाल?"

"तेच तं मी म्हणतो, देवराव!" रुपराव उसळून म्हणाले. "हिले थंडी वाजते! शेहेचाळीस डिग्रीत! चालाले नेलं तं शंभर पावलं मागं राहते. वजनही लय वाढलं हिचं."

"कोणाचं वाढलं?" कौसल्याबाई म्हणाल्या. "पाच वर्षं झाली, बासष्ट किलोच्या वर गेली नाही मी. तुम्ही अर्धे झाले म्हणून मी दुप्पट दिसून राहिली."

हे अगदी खरं होतं. पण खरं ऐकून घ्यायला क्षणभर थांबावं लागतं, आणि रुपरावांना हल्ली थांबणंच जमत नव्हतं. तोवर ते उठून ताट्यांवर आणखी एक बादली ओतून आले होते.

त्याच आठवड्यात कँटीनमध्ये चिवडा संपल्यावर त्यांनी पुडीचा कागद वाचायला घेतला. कुठल्याशा जुन्या मासिकाचं पान होतं. गळ्यात थायरॉईड नावाची ग्रंथी असते, ती रक्तात एक रस सोडते, त्याला संप्रेरक म्हणतात, आणि खाल्लेल्या अन्नाची शरीरात किती वेगाने उलाढाल व्हायची हे तो रस ठरवतो, असं त्यात लिहिलं होतं. ही ग्रंथी मंद झाली की माणसाला थंडी वाजते, वजन वाढतं, हालचाल सुस्तावते. 'याच्या उलट' एवढे शब्द येऊन पान संपत होतं. उलट काय, ते दुसऱ्या कुणाच्या तरी चिवड्याबरोबर गेलं होतं.

रुपरावांना तेवढं पुष्कळ झालं. संध्याकाळी चपला काढायच्या आधीच त्यांनी जाहीर केलं, "सापडलं वं! तुले थायरॉईड हाये. रक्ताची तपासणी करून घेऊ."

कौसल्याबाई पोळी लाटायच्या थांबल्या. गेले आठ महिने त्या रुपरावांना डॉक्टरकडे चला म्हणून विनवत होत्या. कपबशी धरताना त्यांचा हात थरथरायचा, नुसते बसलेले असले तरी गळ्याची शीर उडताना दिसायची. माहेरी, मौद्याला, कौसल्याबाईंचे वडील असेच वाळत वाळत गेले होते. तेव्हा त्या दहा वर्षांच्या होत्या, आणि ते सगळं त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. पण दर वेळी रुपरावांचं उत्तर एकच, "मले काय धाड भरली?"

आता हा माणूस आपल्या तोंडाने तपासणीचं नाव काढत होता. भलेही दुसऱ्याच्या तपासणीचं का असेना.

"बरं," त्या म्हणाल्या. "देतो मी रक्त. पण मले सुईची लय भीती वाटते. तुम्ही आधी द्या, तीच तपासणी तुमचीही करा, तरच मी देईन."

सुईची भीती! घरात विंचू निघाला की शेजारपाजारचे ज्या बाईला हाका मारत, ती ही बाई. पण रुपराव पाघळले.

"एवढंच न? चाल, उद्याच जाऊ!"

"आधी डॉक्टरले दाखवू न."

"डॉक्टरकडं हात हालवत काय जायचं? रिपोर्ट घेऊनच जाऊ." आणि त्याच पावली परत जाऊन त्यांनी कंपनीच्या दवाखान्यातून चिठ्ठी लिहून आणलीही. 'गावंडे, दोघे, थायरॉईड', एवढाच मजकूर. तिथल्या डॉक्टरांनी मान वर न करता खाली सही ठोकली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं सीताबर्डीवरच्या लॅबमध्ये पोचले. रुपरावांनी बाही वर केली, रक्त काढणाऱ्याला कारल्याचे फायदे सांगितले, आणि सुई बाहेर निघायच्या आत उठून उभे राहिले. "पंखा आहे का टांगलेली पोळी? वारा तं येतच नाही!" म्हणून ते बाहेर उसाचा रस प्यायला गेले. मग कौसल्याबाईंनी रक्त दिलं. डोळेसुद्धा मिटले नाहीत.

खिडकीच्या जाळीमागे कारकून बसला होता. त्याच्यासमोर दोन बाटल्या आल्या. कौसल्याबाईंच्या मागे पंचवीस माणसांची रांग होती.

"नाव?" कारकुनाने विचारलं.

"पहिली बाटली यांची हाये, दुसरी माझी."

"यांची म्हणजे कोणाची?"

"आमच्या घरच्यांची."

"बाई, इथं सगळ्याच बाटल्या कोणाच्या ना कोणाच्या घरच्यांच्या आहेत. नाव सांगा."

कौसल्याबाईंच्या तोंडून शब्द फुटेना. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, असं आईने सांगितलेलं. चोवीस वर्षांच्या संसारात लग्नातला आणि डोहाळजेवणातला उखाणा सोडला तर ते नाव त्यांच्या जिभेवर आलं नव्हतं. उखाण्यात चालतं, तेवढी सूट आहे. पण एरवी नाही. आणि इथे तर त्याच आयुष्याची काळजी लागलेली. अशा वेळी भलतं पाऊल कोण टाकणार?

"उखाण्यात घ्या न, वहिनी!" रांगेतून कुणीतरी ओरडलं आणि सगळे हसले. कौसल्याबाईंना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

"बरं, तुमचं तं सांगता?" कारकून वैतागला.

"कौसल्या गावंडे."

हाताशी पहिली बाटली होती. कारकुनाने तिच्यावरच 'सौ. कौसल्या गावंडे' असं लिहिलं आणि उरलेल्या बाटलीवर 'मि. गावंडे' लिहून दोन्ही आत सरकवल्या. जाळीतून कौसल्याबाईंना काही दिसलं नाही. आपण नावही घेतलं नाही आणि कामही झालं, या आनंदात त्या बाहेर आल्या आणि त्यांनीही एक ग्लास रस घेतला.

असली तपासणी तेव्हा नागपुरात होत नव्हती, रक्त मुंबईला जायचं. दहा दिवसांनी दोन कागद आले. 'मि. गावंडे' यांच्या कागदावर नॉर्मल असा शिक्का होता. 'सौ. कौसल्या गावंडे' यांच्या कागदावरच्या आकड्याभोवती लाल पेन्सिलीने गोल केला होता.

"पाह्य! म्हटलं नव्हतं?" रुपराव म्हणाले. लाल गोल जास्तीचा आहे की कमीचा, हे बघायच्या भानगडीत ते पडलेच नाहीत. त्यांना माहीत होतं ते थायरॉईड एकाच प्रकारचं होतं.

कौसल्याबाई मात्र दुसऱ्या कागदाकडे बघत राहिल्या. स्वतःला आजार निघाला याचं त्यांना विशेष काही वाटलं नाही. पण आठ महिने ज्या एका गोष्टीसाठी जीव टांगणीला लागला होता, तिच्यावर मुंबईने शिक्का मारला होता, नॉर्मल. आता ह्यांना डॉक्टरकडे कोणत्या तोंडाने न्यायचं? आणि नॉर्मल माणूस असा डोळ्यांदेखत वाळतो कशाने?

रुपरावांनी मग जे काही केलं ते सगळं प्रेमापोटी केलं, हे आधीच सांगून ठेवतो. बायकोला त्यांनी पलंगावरून उठायची बंदी केली. ट्रंकेतून दोन गोधड्या काढून तिच्या अंगावर घातल्या, मे महिन्यात. स्वयंपाक स्वतःकडे घेतला. थरथरत्या हातांनी भांडी घासताना चार दिवसांत पाच कप फोडले, वांग्याची भाजी तर दोनदा तळाला लावली. गल्लीत घरोघर जाऊन सांगून आले, "आमच्या घरी थायरॉईड हाये, पण घाबराचं काम नाही, मी खंबीर आहे." आणि आपला नॉर्मलचा रिपोर्ट त्यांनी कारखान्याच्या नोटीस बोर्डावर लावला, भाषणाच्या जाहिरातीखाली, चारही कोपऱ्यांना टाचण्या टोचून.

"तू काही फिकीर करू नको," ते रोज म्हणायचे. "मी आहे न धडधाकट. तुले सांभाळतो मी." आणि हे म्हणताना त्यांच्या हातातलं पाणी गोधडीवर सांडायचं.

कौसल्याबाई तोंड भिंतीकडे करून रडायच्या. रुपरावांना वाटायचं, आजाराने हळवी झाली बिचारी.

आठवड्याने धंतोलीत डॉक्टर अरुंधती यांच्याकडे नंबर लागला. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, कमी बोलायच्या. रुपरावांनी आत शिरताच टेबलावरचा पंखा स्वतःकडे वळवला, तांब्यातलं सगळं पाणी प्यायले आणि बायकोचा आजार सांगायला सुरुवात केली. डॉक्टरांनी ऐकता ऐकता कौसल्याबाईंची नाडी मोजली, गळा चाचपला, गुडघ्यावर छोटी हातोडी मारून पाहिली, वजन केलं.

"यांना काहीही झालेलं नाही," त्या म्हणाल्या.

"असं कसं? रिपोर्ट पाहा न!"

"रिपोर्ट पाहिला. हा ज्या माणसाचा आहे त्याची ग्रंथी मंद नाही, भलतीच जोरात चालली आहे. अशा माणसाची नाडी धावते, हात थरथरतात, उकडतं, भूक लागते आणि तरी वजन उतरतं." एवढं बोलून डॉक्टर थांबल्या. समोर रुपराव शर्टाच्या गळ्यात फुंकर मारत होते. "तुम्ही जरा हात पुढे करा बघू."

"मी? मी नॉर्मल हाये. बोर्डावर लावलं आहे."

"करा तर खरं. बोटं पसरा."

रुपरावांनी हात पुढे केले. डॉक्टरांनी त्यांच्या बोटांवर एक कोरा कागद ठेवला. पंखा बंद केला. तरी कागद फडफडत राहिला. रुपराव त्याच्याकडे बघत राहिले, मग त्यांनी श्वास रोखून हात स्थिर धरायचा प्रयत्न केला. कागद आणखीच फडफडला आणि खाली पडला.

नाडी निघाली एकशे चोवीस.

"बाटल्यांची नावं लॅबमध्ये कुणी सांगितली?" डॉक्टरांनी विचारलं.

मग कौसल्याबाईंनी खाली मान घालून सगळं सांगितलं. डॉक्टर हसल्या नाहीत, याबद्दल त्यांना पुढे जन्मभर दुवा मिळाला.

"घरी पंपाचा स्टो आहे ना?" डॉक्टर रुपरावांकडे वळल्या. "त्याला कुणी सारखा पंप मारत राहिलं तर?"

"भडकते," रुपराव म्हणाले.

"आणि रॉकेल?"

"लवकर संपते."

"तुमच्या गळ्यात तेच चाललं आहे. खाल्लेलं सगळं जळून जातं, पुरत नाही म्हणून मग अंगावरचं मांस जळतं. तुम्ही खुर्चीत बसलेले असता, पण तुमचं हृदय वर्षभर पळतं आहे."

"म्हणजे... माझी तंदुरुस्ती?"

"आजार आहे. गोळ्यांनी आटोक्यात येणारा आहे, घाबरू नका. पण आणखी काही महिने असंच चाललं असतं तर हृदयाने हात टेकले असते. नाडी ताळ्यावर येईपर्यंत चालणं बंद, फक्त आराम. आणि आधी लॅबमधून नाव पक्कं करून आणा. ते नाही झालं तर पुन्हा रक्त, पुन्हा मुंबई, पुन्हा दहा दिवस, आणि ते दहा दिवस घालवावेत असं मला वाटत नाही."

रिक्षातून दोघं लॅबमध्ये आले. खिडकीपाशी तोच कारकून, तेवढीच रांग.

"रजिस्टरात दुरुस्ती करायची तं ज्यानं बाटल्या सांगितल्या त्यानंच नाव सांगावं लागते," कारकून म्हणाला. "नियम आहे."

"अरे मी सांगतो न माझं नाव!" रुपराव म्हणाले.

"तुम्ही त्या वेळी कुठं होते?"

"रस पिऊन राहिलो होतो."

"मंग कोणती बाटली कोणाची, तुम्हाले काय माहीत?"

कारकुनाचं म्हणणं बिनतोड होतं. सगळे कौसल्याबाईंकडे बघू लागले. त्यांनी पदर खांद्यावरून घेतला. एकीकडे आईने सांगितलेलं, दुसरीकडे डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. गळ्याची ती शीर उडतच होती. त्यांनी जाळीला दोन्ही हातांनी धरलं आणि अख्ख्या लॅबला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं,

"काचेच्या बाटलीत लाल लाल रक्त,
रुपरावांचं नाव घेते, रिपोर्टापुरतं फक्त!"

रांगेने टाळ्या वाजवल्या. एक म्हातारेबुवा तर "वा पोरी!" म्हणून काठी आपटू लागले. कारकुनाने खाली मान घालून लिहिलं, 'बाटली पहिली, श्री. रुपराव गावंडे', आणि वर ठसठशीत शिक्का मारला. रुपराव भिंतीला टेकून उभे होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

गोळ्या त्याच दिवशी सुरू झाल्या. दोन आठवड्यांत हाताची थरथर बरीच कमी झाली, कूलरचा वेग उतरला, आणि पोळ्यांवर तर डोळ्यांत भरण्याइतका परिणाम झाला. एकच गोष्ट राहिली होती, वर्धापनदिनाचं भाषण.

"रजा टाकतो," रुपराव म्हणाले. "ताप आला म्हणून सांगतो. लोकांसमोर कोणत्या तोंडानं जाऊ? चारशे माणसं हसतील मले."

पण भाषणाच्या आदल्या संध्याकाळी देवराव आला. गालफडं बसली होती, कपाळाला टेंगूळ आलं होतं.

"काय झालं गा?"

"काही नाही, स्टोअरमध्ये चक्कर आली. आठ दिवस झाले, रात्रीचं जेवण बंद केलं मी. वजन तं काही उतरत नाही, रुपरावजी. तुम्ही म्हणता ते खरं हाये. मले निग्रहच नाही. उद्या तुमचं भाषण ऐकून आणखी जोर लावतो."

देवराव गेल्यावर रुपरावांनी खुंटीवरचा शर्ट काढून बायकोपुढे धरला. मग म्हणाले, "शर्ट इस्त्री कर वं. जातो मी उद्या."

दुसऱ्या दिवशी मांडवात मॅनेजरसाहेबांनी रुपरावांची ओळख 'आपल्या कारखान्याचा आदर्श' अशी करून दिली. रुपराव माईकसमोर उभे राहिले. खिशातलं चार पानांचं भाषण त्यांनी बाहेर काढलंच नाही.

"माझ्या तंदुरुस्तीचं रहस्य असं आहे," ते म्हणाले, "का मले आजार झाला होता."

मांडवात कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळेच. रुपराव हसू ओसरेपर्यंत थांबले. थांबणं त्यांना आता जमत होतं.

"हसा, हसा. मीबी हसलो असतो. वर्षभर तुम्हाले कारलं पाजलं मी. माझं वजन कारल्यानं नाही उतरलं. माझ्या गळ्यातली ग्रंथी बिघडली होती, ती मले आतून जाळून राहिली होती, आणि मी त्याले तेज म्हणून राहिलो होतो! कोणाचं शरीर किती जाळते, किती राखून ठेवते, हे त्याच्या आतल्या रसावर असते. ते निग्रहावर नाही. ज्यानं माझ्या नादानं उपास केले असतील त्यानं आज घरी जाऊन जेवावं, आणि मले माफ करावं."

मागच्या रांगेत देवराव उभा राहिला. पंचाण्णव किलोचा माणूस उभा राहिला की दिसतोच.

"म्हणजे माझ्यात खोट नव्हती, रुपरावजी?"

"खोट माझ्यात होती बापा! तू तं चांगला ठणठणीत आहे. चालत जा, पण तुझ्या चालीनं चाल, माझ्या मागं धावू नको."

देवरावाने दोन्ही हात जोडले. "लय उपकार झाले तुमचे," तो म्हणाला, आणि बायकोच्या हातातला बुंदीचा लाडू घेऊन मटकन खाली बसला.

"आणि एक," रुपराव म्हणाले. "तो बोर्डावरचा नॉर्मल रिपोर्ट माझा नाही. तो हिचा आहे." त्यांनी बायकांच्या रांगेकडे बोट केलं. "जिले मी वर्षभर सुस्त म्हटलं, ती आमच्या घरातली एकटीच धडधाकट निघाली. मी सांगितलं तुले आजार आहे, तं तिनं मानलं, कारण त्या निमित्तानं मले सुई टोचता येत होती. ती नसती तं आज तुम्ही या मांडवात माझ्या फोटोले हार घातला असता. मी तिचा लय आभारी आहे. घरी सांगाले जमलं नाही, म्हणून इथं सांगतो."

आता टाळ्या थांबेनात. कौसल्याबाईंनी पदर तोंडावर घेतला तो पार कार्यक्रम संपेपर्यंत.

परत जाताना कंपनीच्या बसमध्ये दोघं शेजारी बसले. हिंगणा नाका येईपर्यंत कौसल्याबाई खिडकीबाहेर बघत होत्या. रुपरावांना वाटलं, रागावली.

"अजी," शेवटी त्या म्हणाल्या, "चारशे माणसांसमोर असं सांगतात का? मले केवढी लाज वाटली."

"चुकलं का माझं?"

"लाजंच्या भरात मले नीट ऐकूही आलं नाही." त्यांनी खिडकीची काच वर ओढली, इंजिनाचा आवाज थोडा कमी झाला. "पुन्हा एकदा सांगा न."

रुपरावांनी पुन्हा सांगितलं. काच लावलेली असल्यामुळे ते सगळ्या बसला ऐकू गेलं.